पाहुणीची घंटा

मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. शाळेच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीच्या आड, मातीच्या ढिगावर मी कलती पडलेली असते. माझा हिरवा रंग केव्हाच उडाला आहे, बुडाची शिवण उसवली आहे आणि पोटावर चांगला वाटीएवढा पोचा आहे. मित्रांनो, माझी ही दशा पाहून नाक मुरडू नका. नाक मुरडण्यासारखे खरे काय असते, ते मी या शाळेत पाहिले आहे आणि तेच आज सांगणार आहे. आधीच बजावते, मी गोडबोली नाही. सांगताना मला अजून शिसारी येते आणि ती मी लपवणार नाही.

माझा जन्म डबे आणि नरसाळी बनवणाऱ्या एका कारागिराच्या हातून झाला. त्याने पत्रा कापला, वाकवला, ठोकला, शिवणीला वितळलेल्या कथलाचा डाख दिला आणि माझ्या लांब मानेच्या टोकाला बारीक भोकांची पितळी चाळणी बसवली. मग मला काठोकाठ भरून दोन तास टांगून ठेवले. एक थेंबही गळला नाही. तेव्हा तो बायकोला म्हणाला, "पोरगी नांदेल गं ही. कुठेही पाठव." त्या दिवशी मला फार अभिमान वाटला. पुढे काय वाढून ठेवले आहे, याची मला काय कल्पना?

मी शाळेत आले ती मावशींच्या हाताखाली. मावशी म्हणजे शाळेच्या शिपाई. वर्ग उघडणे, पाण्याचे माठ भरणे, सूचनेची वही वर्गावर्गात फिरवणे आणि व्हरांड्यातली पितळी घंटा वाजवणे, ही त्यांची कामे. घंटेची लाकडी हातोडी त्या कमरेला खोचूनच हिंडत. बाग करायला त्यांना कोणी सांगितले नव्हते. नोकरीवर रुजू झाल्या त्या वर्षी त्यांनी आईकडून पाच कंद कापडी पिशवीत घालून आणले आणि मागच्या अंगणात पुरले. लेकीच्या हातात पिशवी देताना आई म्हणाली होती, "ही आली की हातातलं काम टाकून बघायचं. ती कोणासाठी थांबत नाही."

त्या कंदांतून वर्षातून एकदाच, एकही पान नसलेला हिरवा दांडा वर येई आणि त्याच्या टोकाला लालभडक चेंडूसारखे फूल उमले. पाच दिवस, फार तर सहा. मग ते कोमेजे, त्यामागून पाने येत, पानेही वाळत आणि उरे नुसती माती. मावशी त्या फुलाला 'पाहुणी' म्हणत.

पहिल्या वर्षी पाहुणी उमलली तेव्हा मावशी मला हातात घेऊनच मोठ्या बाईंच्या दारात गेल्या. मोठ्या बाई म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापिका. माझ्या तोंडातून त्यांच्या फरशीवर पाणी ठिबकत होते.

"बाई, जरा बाहेर येता का? माझी पाहुणी आलीय."

"अगं मग बसव की तिला. पाणी दे. मी एवढ्या सह्या करून येते."

"ती बसत नाही, बाई. पाच दिवसांत जाते. तुम्हीच उठा."

बाई हसत उठल्या, अंगणात आल्या आणि फुलासमोर उभ्याच राहिल्या. त्यांचा चहा आत निवत होता. थोड्या वेळाने म्हणाल्या, "मावशी, घंटा वाजव. मुलांना बोलव. एकट्याने बघण्यासारखं नाही हे."

तेव्हापासून शाळेत रीत पडली. पाहुणी ज्या दिवशी उमलेल, त्या दिवशी मावशींनी घंटा वाजवायची. तीन ठोके, थोडे थांबून पुन्हा तीन. गणिताचा तास असो, परीक्षा असो, हातातली पेन्सिल खाली ठेवायची आणि दहा मिनिटे अंगणात यायचे. तो दिवस कोणता, हे कोणालाच आधी माहीत नसे. म्हणून दांडे वर आले की आठवडाभर मुले कान टवकारून बसत. खिडकीजवळच्या बाकासाठी भांडणे होत. वाफ्याच्या कडेला सदाफुली होती. ती बिचारी बाराही महिने फुले आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. ती माझ्याकडे कुरकुर करी. खरे सांगायचे तर मलाही सुरुवातीला राग यायचा. वर्षभर राबायचे मी आणि पाच दिवस येऊन मिरवायचे हिने! पण घंटा झाली की जिन्यावरून पावलांचा धडधडाट येई आणि फुलापुढे आला की एकदम थांबे. तो थांबलेला आवाज ऐकला की माझा राग जाई. सव्वीस वर्षे मी तो ऐकला. पाच कंदांचे चाळीस झाले. मावशींचे केस पांढरे झाले. मोठ्या बाई निवृत्त झाल्या.

त्यांच्या जागी आले नवे सर. पोरांनी आठ दिवसांत त्यांचे नाव 'तक्तासर' ठेवले. सरांना प्रत्येक गोष्टीचा तक्ता लागे. पाणी पिण्याचा तक्ता, खडूच्या तुकड्यांचा तक्ता, कोणत्या वर्गाने कोणत्या जिन्याने उतरायचे याचा तक्ता. माणूस वाईट नव्हता हो, पण त्याला तक्त्याबाहेरचे काही दिसतच नसे. आल्या आल्या त्यांनी विजेची घंटा बसवली. ती आपली आपण वेळेवर किंचाळे. पितळी घंटा काचेच्या कपाटात गेली आणि तिच्यापुढे 'शाळेचा वारसा' अशी पाटी लागली. हातोडी मागायचे मात्र कोणाला सुचले नाही. ती मावशींच्या कमरेलाच राहिली. रोपांना आधाराच्या काठ्या ठोकायला त्या ती वापरू लागल्या.

त्या वर्षी मावशींची नोकरी संपणार होती. मला नळाखाली धरून त्या म्हणाल्या, "झारे, यंदाची आपली शेवटची. एकदा ती घंटा वाजवली की मी सुटले बघ." मग पदर नीट करून त्या सरांकडे गेल्या. मीही हातात होतेच.

"सर, मी जायच्या आधी पाहुणीची घंटा तेवढी वाजवू द्या. काचेच्या कपाटातली. एकदाच."

"देऊ की! का नाही?" सर खुशीत होते. "वरच्या कार्यालयातले साहेब मंगळवारी बाग बघायला येतायत. अकरा वाजून वीस मिनिटांनी 'पुष्पदर्शन'. तक्त्यात टाकलंय. घंटा तुमच्याच हातानं."

"पण सर, ती मंगळवारीच उमलेल कशावरून?"

"मावशी, नियोजन केलं की सगळं होतं."

नियोजन सुरू झाले. आधी वाफा खणला, कारण कंद वेडेवाकडे होते आणि सरांना ओळी हव्या होत्या. मावशी हात जोडून म्हणाल्या, "दांडे डोकं काढायच्या बेतात आहेत, आता नका हलवू." पण दोरी लावून, मोजपट्टी धरून चाळीस कंद आठ-आठच्या पाच ओळींत बसवले गेले. उरलेली माती टाकीमागे फेकली. कंद कवायतीला उभे राहावेत तसे दिसत होते. तरीही त्या शहाण्या जिवांनी दांडे वर काढले आणि गुरुवारी सकाळी कळ्यांतून लाल रंग डोकावू लागला.

मंगळवारला पाच दिवस होते. तुम्हाला वाटेल, सर म्हणाले असतील, उमलू द्या. छे! सर म्हणाले, "फुलवाले कळ्या थंडीत ठेवून थांबवतात. आपणही थांबवू." मग बर्फ आला. त्याचे खडे माझ्या पोटात कोंबले, वर पाणी ओतले आणि ते गार पाणी सकाळ-संध्याकाळ कळ्यांवर शिंपले गेले. माझी शिवण तिथेच पहिल्यांदा तडकली. वाफ्यावर काळे कापड ताणले. एवढ्यानेही भागेना, तेव्हा प्रत्येक कळीला पांढऱ्या दोऱ्याने गच्च आवळायचे ठरले.

आणि मित्रांनो, त्या गाठी मावशींनी मारल्या. चाळीसच्या चाळीस. त्यांना शेवटची घंटा हवी होती आणि घंटा मंगळवारी होती. मी शेजारीच उभी होते. कळीला गाठ बसली की त्या डोळे दुसरीकडे फिरवत. मला त्यांची किळस आली, हे सांगायला मला लाज वाटते, पण आली. माझीही आली. तो बर्फ माझ्याच तोंडातून पडत होता ना.

मुले जाता-येता विचारत, "मावशी, पाहुणी आली का?"

"नाही रे बाळांनो. अजून वाटेत आहे ती." सव्वीस वर्षांत त्या मुलांशी पहिल्यांदा खोटे बोलल्या.

मंगळवारी सकाळी फोन आला. साहेब आता शनिवारी येणार होते. सरांनी तक्त्यावर मंगळवार खोडला, शनिवार लिहिला. बस्स, एवढेच. कळ्यांना ते कोणी सांगितले नाही. अति तेथे माती म्हणतात ते उगाच नाही. बुधवारपासून काळ्या कापडाखालून एक आंबूस वास यायला लागला. शुक्रवारी त्यावर माश्या बसल्या.

शनिवारी सकाळी मावशींनी पहिली गाठ सोडली. आत फूल नव्हते. तपकिरी, चिकट लगदा होता आणि त्यात मुंग्या वळवळत होत्या. तो त्यांच्या बोटांना लागला. दुसरी सोडली, तेच. दहावी, विसावी, तेच. चाळिसावी सोडून त्या नळापाशी येऊन बसल्या आणि हात धूत राहिल्या. लगदा केव्हाच गेला होता, तरी धूतच राहिल्या.

आता तरी सर खजील होतील असे मला वाटले. कुठले काय! सर घड्याळ पाहून म्हणाले, "अजून दोन तास आहेत. हस्तकलेचा लाल कागद काढा." चाळीस कागदी चेंडू बनले. सडलेल्या कळ्या छाटल्या आणि दांड्यांवर तारेने ते चेंडू आवळले. दांड्यांतून रस गळत होता, तो फडक्याने पुसला. मग सरांनी घरून आणलेली गुलाबाच्या वासाची बाटली माझ्या पोटात रिकामी केली आणि मला त्या कागदावरून फिरवले. मित्रांनो, माझ्या आत गढूळ पाणी गेले आहे, शेणखताचे पाणी गेले आहे, एकदा मेलेला बेडूकही निघाला होता. त्याची मला घाण वाटली नाही. त्या वासाची मात्र वाटली.

अकरा वाजून वीस मिनिटांनी मावशी काचेच्या कपाटापाशी उभ्या होत्या. पण कपाटाची किल्ली सापडत नव्हती आणि विजेच्या घंटेला आधीच वेळ लावून ठेवली होती. ती किंचाळली. मुले ठरल्या जिन्याने, ठरल्या ओळीने आली. साहेब आले, वाकले, नाकाने लांब श्वास घेऊन म्हणाले, "वा! हल्लीच्या फुलांना असा वास राहिलाय कुठे? खरं ते खरंच!"

तेवढ्यात तिसरीच्या ओळीतून एक चिमुरडी स्पष्ट म्हणाली, "पण पाहुणीला वासच नसतो."

सर मोठ्याने खोकले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. 'आदर्श बाग' असे प्रमाणपत्र मिळाले आणि कार्यालयात भिंतीवर लागले. मावशी हातोडी हातात धरून तशाच उभ्या होत्या. ती परत कमरेला खोचायचेही त्यांना सुचले नाही.

तुम्ही म्हणाल, झाले गेले संपले. नाही हो. सरांना ते चेंडू फार आवडले. "बारा महिने फुललेली बाग!" असे म्हणून त्यांनी ते काढूच दिले नाहीत. रोज दहिवराने कागद भिजे, लाल रंग दांड्यांवरून ओघळे आणि दुपारी वाळून खपली धरे. आठ दिवसांत ते चेंडू फिक्कट गुलाबी, फुगलेले आणि बुरशीचे झाले. सदाफुली माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाई गं, यापेक्षा कोणी बघत नव्हतं तेच बरं होतं." मावशींनी मला राखेने तीनदा घासले, तरी तो वास जाईना. त्यातच बर्फाने तडकलेली शिवण पुरती उसवली. बागेला रबरी नळी आली आणि मला टाकीमागच्या मातीच्या ढिगावर फेकण्यात आले. माझ्यासारखीला आणखी कुठे ठेवणार?

पण उकिरड्यालाही दिवस येतात म्हणतात, तसा तो आला. टाकी भरली की वरून थोडे पाणी सांडे, ते नेमके माझ्या पोटात पडे आणि उसवलेल्या शिवणीतून थेंब थेंब मातीत झिरपे. ज्या गळण्याची मला लाज वाटत होती, ते गळणे कोणीतरी खालून पीत होते. एके दिवशी माझ्या बुडाला काहीतरी टोचले. दुसऱ्या दिवशी त्याने मला चक्क ढकलले. मी थोडी कलंडले आणि बाजूने एक हिरवा दांडा वर आला. वाफा खणताना एक बारकासा कंद मातीबरोबर इकडे फेकला गेला होता. मोजायला तो सापडला नव्हता, तक्त्यात नव्हता, म्हणून वाचला.

तो उमलला मावशींच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी. सकाळी त्या टाकीशी हात धुवायला आल्या, वाकल्या आणि तशाच राहिल्या. मग ओल्या हातांनीच कार्यालयाकडे धावल्या. खिडकी उघडी होती, मला सगळे ऐकू आले.

"सर, पाहुणी आलीय! एकच आहे, पण आलीय. कपाटाची किल्ली द्या. घंटा वाजवते."

"आत्ता? तिसरा तास चालू आहे, मावशी."

"ती आत्ताच आलीय, सर."

"असं करा, कापून आणा. चार वाजता तुमचा निरोप समारंभ आहे. टेबलावर फुलदाणीत ठेवू, सगळ्यांना दिसेल. ही घ्या कात्री."

मावशी कात्री घेऊन परत आल्या. फुलापुढे उकिडव्या बसल्या. माझा जीव वरखाली होत होता. त्यांनी एकदा गाठी मारल्या होत्या, आता कात्री चालवणार नाहीत कशावरून? त्यांनी कात्रीची पाती एकदा उघडली, मिटली. मग कात्री टाकीवर ठेवली आणि मला उचलले. आतले पाणी ओतले, मला टाकीच्या तोटीला टांगले आणि कमरेची हातोडी काढली.

"झारे, लागेल गं तुला," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी वाजवले. तीन ठोके. थांबून पुन्हा तीन. मित्रांनो, आवाज काही पितळेचा नव्हता. फुटक्या डब्याचाच होता. तिसऱ्या ठोक्याला माझ्या पोटावर हा पोचा पडला. पण वरच्या वर्गातल्या मुलांनी ती चाल ओळखली. आधी एक बाक सरकले, मग दहा, मग जिन्यावरून तो धडधडाट आला. कोणी ओळीत नव्हते. गुलाबी, बुरसट वाफ्याला वळसा घालून सगळे टाकीमागे आले आणि एकदम थांबले.

सर तक्ता हातात घेऊनच आले. "कोणी वाजवली? कोणाच्या परवानगीनं?"

"मी वाजवली," मावशी म्हणाल्या. "हवं तर नोकरीवरून काढून टाका. चार वाजेपर्यंत वेळ आहे तुम्हाला."

तेवढ्यात ती तिसरीतली चिमुरडी पुढे सरकली. फुलाजवळ नाक नेऊन तिने हुंगले, पुन्हा हुंगले आणि वळून सगळ्यांना सांगितले, "वास नाही येत. खरी आहे."

मावशी तोंडाला पदर लावून रडल्या. तक्ता पाठीमागे धरून सरही उभे राहिले. किती वेळ, ते माहीत नाही. घड्याळाकडे त्यांनी एकदाच पाहिले.

पाहुणी पाच दिवस राहिली आणि गेली. मावशीही गेल्या. वाफ्यावरचे कागदी चेंडू कुजून आपले आपण गळले, पण तारा अजून तिथेच आहेत. प्रमाणपत्रही भिंतीवर आहे. मला डाख लावा, रंग द्या, असे मी म्हणत नाही. माझे पाणी घालण्याचे दिवस संपले. एवढेच मागते की माझ्याखालची माती उकरू नका. मला इथून हलवू नका, कारण मी गळते म्हणून तिला पाणी मिळते. जाताना मावशींनी मला परत या ढिगावर ठेवले आणि हातोडी माझ्या कडीला सुतळीने बांधून ठेवली. पुढच्या वर्षी ज्याला पाहुणी पहिल्यांदा दिसेल, त्याने कोणालाही न विचारता मला वाजवावे. जोराने वाजवा. मला लागेल, पण चालेल.